रस्ताही वाचायचा असतो

चांदणी चौक मागे टाकून पौडच्या दिशेने निघाले की वाचायला मजकुराची उणीव भासत नाही. ‘एन. ए. प्लॉट विकणे आहे’, ‘घरगुती जेवण मिळेल’, ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’, शिवाय कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. या सगळ्या गर्दीत, कधी फांदीआड तर कधी शुभेच्छांच्या फलकाआड, लाल किनारीचा एक लहानसा त्रिकोण उभा असतो. त्याच्या आत मुलांचे चित्र. पुढे शाळा आहे, जपून जा, असे तो वाहनचालकांना सांगत असतो. चालक तो वाचतात की नाही हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावे. पण ज्या मुलांचे चित्र त्यात काढले आहे, त्या मुलांना तो फलक वाचायला सहसा कोणी शिकवलेले नसते.

मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून मी एकोणीस वर्षे शिकवले. पहिली ते चौथी. त्यांतली निम्मी वर्षे खोऱ्यातल्या आडवाटेच्या शाळांवर गेली आणि उरलेली डांबरी रस्त्याला लागून असलेल्या शाळांवर. आडवाटेच्या शाळेत मास्तरला भीती ओढ्याची. पावसाळ्यात पाणी चढले की पलीकडच्या वाडीची पोरे घरी सोडायची की थांबवून घ्यायची, हा रोजचा प्रश्न. रस्त्याकडच्या शाळेत ओढ्याची जागा रस्त्याने घेतलेली. फरक इतकाच की ओढ्याला पूर चार महिने, रस्त्याला बारमाही.

या रस्त्यांचा स्वभाव गेल्या तीस वर्षांत पार पालटला. एकेकाळी पौड रस्त्याला लाल एस. टी., बैलगाड्या आणि तुरळक जीपगाड्या एवढेच पाहुणे. मग पिरंगुटला कारखाने आले, हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान आले, डोंगर फोडणारे क्रशर आले, गोदामे आली, काँक्रीट घुसळत जाणाऱ्या मिक्सर गाड्या आल्या. शनिवार-रविवारी पावसाळी सहलीला ताम्हिणीकडे जाणाऱ्या मोटारसायकलींचे थवे वेगळेच. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटके लावून पाडला आणि २०२३ मध्ये तिथे नवे उड्डाणमार्ग खुले झाले, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिथे खोळंबणारी वाहने आता लवकर सुटतात आणि लवकर पुढच्या गावात पोचतात. गावातली शाळा मात्र होती तिथेच आहे. दर रुंदीकरणात रस्ता तिच्या फाटकाकडे एकेक पाऊल सरकला, एवढेच.

परिणाम दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडी-माण रस्त्यावर वळण घेताना मिक्सर गाडी उलटली आणि दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुणी तिच्याखाली सापडून गेल्या. अशी बातमी आली की चार दिवस अवजड वाहनांच्या वेळांवर चर्चा होते, मग सारे शांत. देशपातळीवरचे आकडे पाहिले तर जीव घाबरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली १५ हजार २२४ महाराष्ट्रातली. आणि त्या देशभरच्या मृतांत अठरा वर्षांखालची मुले होती ९ हजार ५२८. भागाकार केला तर दिवसाला सव्वीस. वाडीवरच्या एखाद्या शाळेचा सगळा पट एवढा असतो. पाच ते एकोणतीस या वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्त्यावरचे अपघात आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साथीच्या रोगाने अशी मुले गेली असती तर आपण गावोगाव डोस पाजत फिरलो असतो.

नाही म्हणायला आपणही काहीतरी करतोच. पूर्वी जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह असे, आता त्याचा महिना झाला. या महिन्यात शाळेत वाहतूक पोलीस येतात, चांगले बोलतात, मुलांना शिट्टी वाजवून दाखवतात. मग चित्रकला स्पर्धा. मुळशीतल्या पोराने काढलेले चित्र पाहावे: तीन दिव्यांचा सिग्नल, झेब्र्याचे पट्टे, पदपथ आणि पांढऱ्या टोपीतला पोलीस. ज्या पोराने सिग्नल पाहिला असेल तर कोथरूडला मामाकडे गेला तेव्हा, तो हे चित्र काढतो. त्याच्या शाळेपुढच्या रस्त्याला ना पट्टे, ना पदपथ, ना सिग्नल. आहे ती खचलेली साइडपट्टी आणि वळणावरून अचानक येणारा डंपर. तो डंपर चित्रात येत नाही, कारण तो ‘वाहतुकीचे नियम’ या विषयात बसत नाही. स्पर्धेला पहिला क्रमांक सिग्नलला मिळतो.

चित्रांची ही कथा, तर निबंधाची त्याहून वाईट. त्याची परीक्षा अवघ्या महाराष्ट्राने मे २०२४ मध्ये दिली. पुण्याच्या कल्याणीनगरात मध्यरात्रीनंतर भरधाव आलेल्या एका महागड्या मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी एक सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांत जामीन दिला आणि ज्या अटी घातल्या त्यांत एक होती, अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. लोक खवळले. खवळणे योग्यच होते, पुढे मंडळाला तो आदेश बदलावा लागला. पण त्या दिवसांत माझे लक्ष एका दुसऱ्याच गोष्टीकडे लागून राहिले. ‘निबंध’ हा शब्द ऐकताच सगळे हसले. कडवट का होईना, पण हसले. निबंध म्हणजे ज्याची काहीही किंमत पडत नाही, जे लिहिणाऱ्याने मनाला लावून घ्यायचे नसते आणि वाचणाऱ्याने वाचायचे नसते, असे लिखाण, याबद्दल सर्वांचे एकमत होते. हा अर्थ लोकांनी शब्दकोशातून घेतला नव्हता. तो शाळेच्या बाकावर मिळाला होता. ‘रस्ते हे देशाच्या विकासाच्या रक्तवाहिन्या होत’ या वाक्याने सुरू होणारा निबंध गाइडातून उतरवून काढलेल्या पिढ्यांना निबंधाचा दुसरा अर्थ कळणार कसा?

माझे म्हणणे थोडक्यात असे. रस्ता सुरक्षा हा विषय जानेवारीतून काढून भाषेच्या तासाला द्यावा. भाषणे, घोषणा आणि चित्रस्पर्धा यांनी तो शिकवता येत नाही, वाचन आणि लेखन यांनी शिकवता येतो. आणि उलटही खरे आहे. रस्त्याइतके वाचण्या-लिहिण्याजोगे साहित्य खेड्यातल्या शाळेला दुसरे फुकट मिळत नाही.

सुरुवात शब्दांपासून करू. ‘रस्ता ओलांडणे’ हे दोन शब्द घ्या. आपल्याला वाटते त्यात समजावण्यासारखे काय आहे? खोऱ्यातल्या मुलाला ‘ओलांडणे’ ठाऊक असते ते ओढ्यावरून. तो ‘वलांडणे’ म्हणतो. ओढा वलांडायचा म्हणजे काय करायचे? दगड हेरायचा, दम धरायचा आणि उडी मारून झटकन पलीकडे व्हायचे. मध्ये थांबला तो पडला. उंबरठाही तसाच, एका टांगेत ओलांडायचा. आता हेच क्रियापद आपण रस्त्याला लावतो आणि मूल रस्त्यावरून पळत सुटते तेव्हा त्याला बेशिस्त म्हणतो. एकदा तिसरीच्या वर्गात मी विचारले, रस्ता ओलांडायचा म्हणजे कसे? पंधरा पोरांतल्या अकरांनी सांगितले, ‘पळत’. एकाने तर खुलासा केला, ‘गुरुजी, हळू गेलं तं ते चालणं झालं, वलांडणं नाय झालं.’ भाषेच्या दृष्टीने त्याचे अगदी बरोबर होते. त्या दिवसापासून मी वर्गात ‘रस्ता चालत पार करायचा’ असे म्हणू लागलो आणि ‘पळत’ व ‘चालत’ यांवर पंधरा दिवस वाक्ये लिहून घेतली.

स्वीडनमध्ये स्टीना सँडेल्स नावाच्या विदुषीने १९६०च्या दशकात लहान मुले आणि रहदारी यांचा बारकाईने अभ्यास केला. मोठी माणसे रहदारीचे जे शब्द सहज वापरतात, त्यांचा अर्थ मुलांच्या मनात भलताच असतो, हे तिने दाखवून दिले. आपल्या मराठीत तर शासकीय फलकांनी या कामी विशेष हातभार लावला आहे. ‘अपघातप्रवण क्षेत्र’ यातला ‘प्रवण’ चौथीतल्या मुलाला काय, त्याच्या बापाला तरी कळतो का? ‘गतिरोधक’ हा शब्द फलकावर आणि ‘ब्रेकर’ हा तोंडात. ‘पादचारी’ या शब्दावर तर वर्गातली पहिली दोन मिनिटे निव्वळ हशात जातात. (ती जाऊ द्यावीत. हसून झाल्यावर ‘पाद म्हणजे पाय’ हे जे डोक्यात बसते ते पुढे पदपथ, पदयात्रा, पदरमोड अशा शब्दांची गंमत करायला कामी येते, आणि पदरमोडीचा पदर वेगळा हे सांगायलाही.) असा प्रत्येक फलक हा एक पाठ आहे. मुलांनी तो उतरवून आणावा, फोड करावी आणि मग आपल्या शब्दांत पुन्हा लिहावा. ‘अपघातप्रवण क्षेत्र’ याचे एका मुलीने केलेले मराठी माझ्या वहीत अजून आहे: ‘इथं लय जण पडल्यात’. सार्वजनिक बांधकाम खात्याने ते उचलायला माझी हरकत नाही.

शब्दांच्या पलीकडे रस्त्याची एक लिपी आहे, तीही शिकवण्याजोगी. लाल किनारीचा त्रिकोण सावध करतो, गोल फलक आज्ञा देतो, चौकोनी फलक माहिती देतो. एवढ्या तीन आकारांवर पहिलीतले पोरसुद्धा अर्धा रस्ता वाचू लागते. किलोमीटरचे दगड आणखी बोलके. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा असेल तर जिल्ह्याचा आणि केशरी असेल तर गावचा रस्ता. ज्याला आपल्या दारापुढचा दगड वाचता आला त्याला तो रस्ता कोणाच्या ताब्यात आहे याचा सुगावा लागला. ही विद्या मोठ्यांनाही असत नाही, आणि तिचा उपयोग काय ते पुढे येईलच.

घोषणांबद्दल मात्र माझे मत कठोर आहे. ‘अति घाई, संकटात नेई’ ही घोषणा मुलांना पाठ असते. तिने कोणाची घाई कमी झाल्याचे मला दिसले नाही. घोषणेत यमक असते, ‘का’ नसते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोकवलेले वाक्य आहे, ‘रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला’. का, ते कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये, जिथे आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात, तिथल्या रस्ता नियमावलीत पायी चालणाऱ्यांसाठी सांगितले आहे की पदपथ नसेल तर उजवीकडून चाला, म्हणजे समोरून येणारी वाहने तुम्हाला दिसतील. यातले ‘म्हणजे’ पाहा. त्या एका शब्दाने नियमाचे वाक्य झाले. डावीकडून चालणाऱ्या पोराच्या पाठीमागून डंपर येतो, उजवीकडून चालणाऱ्याच्या तोंडासमोर येतो. पदपथ नसलेल्या पौड रस्त्यावर कोणते बरे, हे मुलांना विचारून पाहावे. ती चर्चा करतात, भांडतात, आणि शेवटी वळणाच्या आतल्या कडेला कोणतीच बाजू बरी नाही हेही शोधून काढतात. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘जर-तर’, ‘म्हणजे’ ही उभयान्वयी अव्यये व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवण्यापेक्षा रस्त्यावरून शिकवली तर जन्मभर विसरत नाहीत.

आता लेखन. इथे कुणी म्हणेल, मुलांना वेगाचा अंदाज घ्यायला शिकवा, उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, गाडी दूर असेल तर जा. हे सांगणे सोपे आहे. पण इंग्लंडमधल्या रॉयल हॉलोवे येथील मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की ताशी तीस-बत्तीस किलोमीटरहून अधिक वेगाने समोरून येणारी गाडी आपल्याकडे येते आहे, हे प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या डोळ्यांना खात्रीने टिपताच येत नाही. तो बेसावधपणा नव्हे, वाढत्या वयाची मर्यादा आहे. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा अंदाज घे म्हणून सांगण्यात अर्थ नाही. मग मुलाच्या हाती काय उरते? जागा उरते. कुठून पार करायचे, कुठे थांबायचे, कुठून लांबवरचे दिसते आणि कुठून दिसत नाही. गाडीचा वेग क्षणाक्षणाला बदलतो, जागा तिथेच राहते. ती आज पाहून, लिहून, उद्या पडताळता येते. आणि जागेचे वर्णन हा तर लेखनाचा सर्वांत जुना धडा.

म्हणून ‘माझी शाळेची वाट’ हा विषय मी दरवर्षी देत असे, निबंध न म्हणता. अट एकच: उद्या गावात पाहुणा आला आणि त्याने हा कागद वाचला तर तो न विचारता शाळेत पोचला पाहिजे. पहिला मसुदा नेहमी सारखाच, ‘मी घरातून निघतो आणि शाळेत येतो’. पाहुणा हरवला. दुसऱ्या मसुद्यात आंब्याचे झाड येते, पिठाची गिरणी येते. तिसऱ्यात गोष्ट खरी सुरू होते. ‘गिरणीपाशी रस्ता पार करू नये, कारण तिथं टेम्पो उभा असतो व त्याच्या मागचं दिसत नाही. थोडं पुढं मारुतीच्या देवळापाशी जावं. तिथं दोन्हीकडचं लांबपर्यंत दिसतं.’ हे लिहिणाऱ्या मुलाला मी कोणताही नियम सांगितला नव्हता. उभ्या वाहनाच्या आडून रस्त्यात येऊ नये हा नियम त्याने स्वतः लिहून काढला, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या दिवशी तो देवळापाशी गेला. का गेलास विचारले तर म्हणाला, ‘मीच लिवलंय ना.’

यात गणितही येते. दोन पदरी रस्ता सुमारे सात मीटर रुंद. दुसरीतले मूल चालत पार करायला सात सेकंद घेते, असे आम्ही मैदानावर रेघा मारून मोजले. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी सात सेकंदांत ११७ मीटर येते. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब, म्हणजे अशी नऊ मैदाने एकापुढे एक. मुलांनी मग आपापल्या पार करण्याच्या जागेवरून नऊ मैदाने दिसतात का ते मोठ्यांच्या सोबतीने साइडपट्टीवरून पावलांनी मोजले. शाळेच्या फाटकासमोरून एका बाजूला पाचच दिसत होती. हे वाक्य वहीत लिहिले गेले तेव्हा वर्गात कोणी हसले नाही.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर’ या पुस्तकात आपला अनुभव सांगितला आहे. मुलाच्या मनात ज्या शब्दाला जोर आहे, मग तो मायेचा असो वा भीतीचा, तो शब्द मूल एका नजरेत वाचायला शिकते. मुळशीतला अनुभव वेगळा नाही. बाराखडीत ‘ड’ला डमरू असतो आणि डमरू पाहिलेली पोरे थोडी. पण ‘डंपर’ हा शब्द पहिलीतल्या पोराला एकदा दाखवला की पुरे. आता या शाळांत वीटभट्ट्यांवरची, बांधकामांवरची, मराठवाड्यातून, कर्नाटकातून, बिहारमधून आलेली लेकरेही असतात. त्यांना पुस्तकातली मराठी परकी असते. रस्ता मात्र सगळ्यांचा एकच. त्याच्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी सांगायचे असते, आणि सांगायचे असले की भाषा येते.

पाठ्यपुस्तकाकडून ही अपेक्षा करता येत नाही. ‘बालभारती’ चंद्रपूरपासून सिंधुदुर्गापर्यंत एकच मराठी पुस्तक देते. त्यात माझ्या गावच्या गिरणीजवळचा टेम्पो कसा येणार? (‘बालभारती’चे कार्यालय पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर आहे. १९२१ ते १९२४ या काळात टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीत जो सत्याग्रह झाला त्याचे नेते हेच बापट. पुस्तकांना मुळशीचा पत्ता असा जवळचा आहे, हे जाता जाता.) पण तिसरीत आपापल्या जिल्ह्याचा भूगोल शिकवण्याची परंपरा आपल्याकडे होती. जिल्हा जर पुस्तकात येऊ शकतो, तर गावचा रस्ता वहीत यायला काय हरकत?

मुलाने लिहिलेले वाचणार कोण, हा खरा प्रश्न. फक्त मास्तरने वाचायचे असेल तर ते पुन्हा निबंधच झाले. त्याला वाचक दिला पाहिजे, आणि पहिला वाचक घरात असतो. मोटारसायकलच्या टाकीवर धाकटा, मागे थोरली, मध्ये दप्तरे आणि पुढे उघड्या डोक्याचा बाप, हे दृश्य आपल्याकडे रोजचे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हवे, असे २०१९ मध्ये दुरुस्त झालेला मोटार वाहन कायदा सांगतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला अथवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, असेही सांगतो. ही कलमे सोप्या मराठीत उतरवून चौथीच्या मुलांनी बापाला पत्र लिहावे. पोस्टकार्ड टाकावे, घरच्याच पत्त्यावर. तोंडाने सांगितले तर ‘गप बस’ म्हणून बाप मोकळा होतो. पोस्टमनने आणून दिलेले पत्र चार माणसांसमोर वाचले जाते. एका आज्जीने ते देव्हाऱ्यात ठेवल्याचे मला ठाऊक आहे, आणि तिच्या लेकाने पुढच्या आठवड्यात हेल्मेट आणल्याचेही. दोन पोरांची हेल्मेटे मात्र आली नाहीत. महाग पडतात म्हणाला. ते खोटे नव्हते.

दुसरा वाचक कचेरीत असतो. फाटकासमोरची ती पाच मैदाने मुलांनी एका सरकारी कचेरीला कळवली: पत्र, नकाशा, मोजमाप, खाली सगळ्यांच्या सह्या. दोन महिन्यांनी उत्तर आले, ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’. मी ते उत्तर फळ्यावर लिहिले आणि वाचनपाठ म्हणून घेतले. ‘सदर’ म्हणजे काय, ‘अखत्यारीत’ म्हणजे काय? मग मुलांनीच आठवण दिली की दगड हिरव्या माथ्याचा आहे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, ही वाटणी पोरांनी तोंडपाठ केली आणि दुसरे पत्र योग्य दारी गेले. त्याला उत्तर आले नाही. सात-आठ महिन्यांनी एक गाडी आली, रम्बलरच्या पांढऱ्या पट्ट्या मारून गेली. पत्रामुळे की दुसऱ्या कशामुळे, देव जाणे. मुलांनी श्रेय घेतले. मी अडवले नाही.

याला दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला शिक्षकांचा: निवडणूक, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती यांतून मान वर काढायला फुरसत नाही, त्यात हा आणखी एक विषय? तक्रार सोळा आणे खरी आहे. पण हा नवा विषय नाहीच. पत्रलेखन, वर्णन, फलकवाचन, कारण सांगणे हे सगळे भाषेच्या तासाला करायचेच असते. ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे म्हटले आहे. काय वाचावे याचा मुहूर्त तिथे काढलेला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मुलांना कशाला शिकवता, रस्ते सुधारा, डंपर आवरा. मान्य. शंभर टक्के मान्य. वेगाचा अंदाज ज्याला येत नाही त्याच्या शहाणपणावर रस्त्याची सुरक्षा सोपवणे हा अन्याय आहे. पण रस्ता कधी सुधारेल ते कोणाच्या हाती नाही आणि मूल उद्या सकाळी साडेनऊला त्या रस्त्यावर असणार आहे. शिवाय रस्ता सुधारा असे सांगायचे तरी कोणी? त्या रस्त्याने रोज पायी जाणारा सगळ्यांत नियमित माणूस आठ वर्षांचा आहे. त्याला पत्र लिहिता आले तर बिघडले कुठे?

हे सर्व सर्वांत निकडीचे होते ते चौथी संपताना. वाडीवरची शाळा चौथीपर्यंत. जूनमध्ये तेच मूल पाचवीसाठी दोन-तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावी जाऊ लागते, बहुधा पहिल्यांदाच मोठ्या रस्त्याने. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला, त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या पानशेतचा दाखला दिला होता. तसे होत गेले तर ही नवी वाट पहिलीपासूनच वाट्याला येईल. वाहन मिळेल म्हणतात. वाहन थांबते त्या जागेपर्यंत आणि त्या जागेपासून मात्र चालायचेच असते.

एप्रिलच्या अखेरीस परीक्षा संपलेली असते, निकाल १ मेला लागायचा असतो आणि वर्गात करण्यासारखे फारसे काही नसते. तो आठवडा या कामाला द्यावा. चौथीच्या मुलांना घेऊन मास्तरांनी, बाईंनी आणि एखाद-दुसऱ्या पालकाने पाचवीच्या शाळेपर्यंत सकाळच्या उन्हाआधी चालत जावे. वाटेत थांबत थांबत लिहावे: कुठे साइडपट्टी संपते, कुठे उसाची गाडी आडवी असते, कुठे क्रशरची वाट मुख्य रस्त्याला मिळते, पावसात कुठे पाणी साचते आणि ते चुकवायला पोरे कुठे डांबरावर येतात, कोणत्या दुकानदाराला हाक मारता येईल. परत आल्यावर सगळ्यांच्या कागदांवरून एक वही तयार करावी, सुवाच्य अक्षरात, नकाशासह. तिची एक प्रत पाचवीच्या वर्गशिक्षकांना द्यावी आणि मूळ वही पुढच्या चौथीसाठी कपाटात ठेवावी. वर्षभरात त्या वाटेवर एखादे नवे गोदाम उभे राहिलेले असते किंवा आंबा तोडलेला असतो. पुढची चौथी चालत जाते आणि वहीत दुरुस्त्या करते.